हिरव्या पाण्याचा हिशेब

दौलताबादच्या किल्ल्याभोवतीचा खंदक पाहताना नजर आधी तासून उभ्या केलेल्या कातळावर जाते आणि मग खाली साचलेल्या हिरव्या पाण्यावर. उघड्या उन्हात पडून राहिलेले, वाहून जायला वाट नसलेले पाणी हिरवे होते यात नवल नाही. त्याच मुलखात सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, नहर बांधली तेव्हा पाणी जमिनीखालून, अंधारातून आणले. नहर-ए-अंबरीची कीर्ती तिच्या उताराच्या गणितासाठी आहे, पण त्या अंधाराचाही एक फायदा होता. शेवाळाला वाढायला ऊन लागते आणि अन्न लागते. अन्न म्हणजे पाण्यात विरघळलेले नत्र आणि स्फुरद. बंद नहरीत ऊन पोचत नसल्यामुळे थोडेफार अन्न असले तरी पाणी हिरवे होण्याचे कारण नव्हते. आज याच डोंगरांच्या पायथ्याला सीताफळ, पेरू आणि अंजिराच्या बागांसाठी खोदलेल्या शेततळ्यांना दोन्ही गोष्टी भरपूर मिळतात. मराठवाड्याचे ऊन आहेच, आणि अन्न आपण ओततो, कधी जाणूनबुजून तर कधी नकळत. त्याच तळ्यांत आता कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडली जाते.

राज्य सरकारने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली ती दुष्काळात पिकाला एखादे संरक्षित पाणी मिळावे म्हणून. मासे हे त्या पाण्यावरचे जोडउत्पन्न. पाणी साठलेलेच आहे, तर त्यात चार पैसे देणारा जीव का वाढवू नये, हा विचार अगदी रास्त आहे. पण एखाद्या सकाळी तळ्यावर जावे आणि सगळे मासे पोट वर करून तरंगताना दिसावेत, असे घडते तेव्हा गावात पहिली शंका येते ती कोणीतरी पाण्यात औषध टाकल्याची. थोडा वाचणारा माणूस म्हणतो की पाण्यात विषारी शेवाळ झाले. दोन्ही तर्कांत विष आहे, आणि म्हणून दोन्हींमध्ये घटना अचानक घडलेली, बाहेरून आलेली ठरते. माझे म्हणणे असे आहे की आपल्याकडच्या गोड्या पाण्यात शेवाळाच्या बहराने मासे मरतात ते बहुतेक वेळा पहाटे प्राणवायू संपल्यामुळे, आणि ती टंचाई त्या रात्रीची नसते. अनेक महिने पाण्यात जास्तीचे खत, खाद्य, गाळ आणि सांडपाणी जात राहते तेव्हा ती तयार होते. हे मान्य केले की मेलेल्या माशांचा प्रश्न नशिबाच्या खात्यातून निघून पाण्याच्या कारभाराच्या खात्यात येतो. त्या कारभारात तळ्याचा मालक आहे, तसाच नदीच्या वरच्या अंगाला राहणारा प्रत्येक जण आहे.

आधी प्राणवायूचा आकडा पाहू. समुद्रसपाटीजवळच्या एक घनमीटर हवेत पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. तीस अंश तापमानाच्या एक घनमीटर पाण्यात तो जेमतेम सात-साडेसात ग्रॅम विरघळतो. म्हणजे मासा मुळातच आपल्या तुलनेत चाळीसपट विरळ साठ्यावर जगत असतो. पाणी जितके गरम, तितका हा साठा कमी, आणि माशाची भूक व श्वासाची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते. वर सांगितलेल्या योजनेतले सर्वांत मोठे शेततळे ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल. उतरत्या बाजू धरल्या तर त्यात सुमारे २२०० घनमीटर पाणी मावते. हिरव्यागार तळ्यात उन्हाच्या दिवशी संध्याकाळी लिटरमागे दहा मिलिग्रॅम प्राणवायू असला, तरी सगळ्या तळ्याचा मिळून तो बावीस किलो भरतो. सूर्य मावळला की प्राणवायू तयार होणे थांबते, आणि सगळी रात्र या बावीस किलोंवर काढायची असते. खाणारे एकटे मासे नसतात. दिवसा प्राणवायू देणारे शेवाळच रात्री तो घेते, आणि तळाशी साचलेली विष्ठा, उरलेले खाद्य, मेलेले शेवाळ कुजवणारे जिवाणूही घेतात. दाट बहर असलेल्या तळ्यात हे सगळे मिळून लिटरमागे तासाला अर्धा ते एक मिलिग्रॅम प्राणवायू सहज संपवतात. बारा तासांचा गुणाकार कोणीही करू शकतो. कार्प जातीच्या माशांना चार-पाच मिलिग्रॅम हवा असतो. तीनच्या खाली ते खाणे सोडतात, वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड मारू लागतात, आणि एकाच्या आसपास मरतात. म्हणून हे मरण पहाटे चार ते सहाच्या दरम्यान येते, आणि दिवस वर आल्यावर पाण्याची तपासणी केली तर प्राणवायू पुन्हा ठीक दिसतो. तपासणारा मग प्रामाणिकपणे लिहून देतो की पाण्यात दोष आढळला नाही.

पावसाळ्यातली झड हा याच हिशेबातला सर्वांत वाईट काळ. चार-पाच दिवस सूर्य दिसत नाही, शेवाळाची कमाई घटते, खर्च तसाच राहतो, आणि प्रत्येक संध्याकाळ आदल्या संध्याकाळपेक्षा कमी शिलकीवर सुरू होते. वळवाच्या जोरदार सरीनंतरही असेच होते, पण कारण वेगळे. उन्हाळ्यात तळ्याचा वरचा थर गरम आणि तळचा थर थंड राहतो, तळाशी प्राणवायू जवळजवळ नसतो. थंड पावसाचे जड पाणी खाली जाते, थर ढवळले जातात आणि तळचे कुजके पाणी एका रात्रीत सगळीकडे पसरते. ‘पाऊस आला आणि मासे मेले’ ही अनेकांना कोड्यात टाकणारी तक्रार इथे उलगडते.

हे सारे मी विषाऐवजी प्राणवायूवर का रेटतो आहे, असे कोणी विचारील. पुरावा मेलेल्या माशांतच असतो. प्राणवायू कमी पडला की मोठे मासे आधी मरतात, कारण त्यांची गरज मोठी असते. लहान मासे काठाशी, पृष्ठभागाच्या पातळ थरात तग धरतात. कीटकनाशकासारखे विष पाण्यात गेले तर सहसा उलटे घडते, लहान जीव आधी जातात, आणि पाण्यातले किडे, बेडकाची पिल्लेही मरतात. प्राणवायूच्या मरणाची वेळ पहाटेची, विषाची कोणतीही. मरण्यापूर्वी मासे वर येऊन तोंड मारत होते का, आदल्या दिवशी आभाळ होते का, पाणी एकाएकी हिरव्याचे तपकिरी झाले का, हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक प्रकरणांचा छडा लागतो. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. दाट बहर कधी कधी दोन दिवसांत आपोआप कोसळतो, सगळे शेवाळ एकदम मरते आणि ते कुजताना उरलासुरला प्राणवायू गिळून टाकते.

प्राणवायूच्या जोडीला अमोनिया असतो, आणि तो दिवसा छळतो. दुपारच्या उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि पाण्याचा सामू सातावरून नवाच्या पुढे चढतो. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया सामू सात असताना बहुतांशी निरुपद्रवी रूपात असतो. तीस अंश तापमानाला त्याचा एक टक्काही घातक रूपात नसतो. सामू नऊ झाला की तोच घातक हिस्सा चाळीस टक्क्यांच्या वर जातो. अमोनिया वाढलेला नसतो, माशाच्या कल्ल्यांना मात्र तो अनेकपट जाणवतो. रात्री गुदमरलेला आणि दुपारी भाजलेला मासा महिनाभर जगला तरी वाढत नाही, त्याला रोग लवकर लागतात. तळ्याचे खरे नुकसान बरेचदा असे असते. मासे मेलेले नसतात, वजन काट्यावर भरत नाही, आणि शेतकरी बियाण्याला दोष देतो.

तरीही विष खोटे नाही, आणि ते झटकून टाकणे चूक ठरेल. उथळ, गरम, साचलेल्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाला फावते, त्यातही मायक्रोसिस्टिसला. निळे-हिरवे शेवाळ हा खरे तर जिवाणूंचा एक गट आहे. मायक्रोसिस्टिसच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, त्यामुळे तो हवे तेव्हा वर तरंगतो, ऊन स्वतः घेतो आणि खालच्या चांगल्या शेवाळाला सावलीत टाकतो. वाऱ्याने काठाशी लोटली गेलेली हिरव्या रंगाची जाड साय ही त्याची खूण. अशा पाण्याने गुरे मरतात हे जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या लेक अलेक्झांड्रिनाबद्दल १८७८ सालीच लिहून ठेवले. तिथले शेवाळ नोड्युलारिया होते. मायक्रोसिस्टिसचे विष यकृतावर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे एक मायक्रोग्रॅम ठरवली आहे. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू शहरात या विषाचे पाणी डायलिसिसच्या यंत्रांतून थेट रुग्णांच्या रक्तात गेले आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. माशांच्या बाबतीत हे विष यकृत, आतडी, मूत्रपिंड यांत जास्त साठते, मांसात पुष्कळ कमी. उकळून ते जात नाही. म्हणून हिरवी साय आलेल्या पाण्यातले मासे आतडी-यकृत पूर्ण काढून, धुऊन घेणे आणि बहर उतरेपर्यंत विक्री थांबवणे ही साधी खबरदारी आहे. बाजाराला मात्र या विषाच्या आधी एक वेगळेच रसायन कळते. याच शेवाळातल्या काही जाती जिओस्मिन बनवतात. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा सुवास ज्याचा, तेच हे. जमिनीवर ज्या वासाची वाट पाहावी, तोच माशात मातकट लागतो, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही माणसाचे नाक तो पकडते. व्यापारी भाव पाडतो तो या वासामुळे.

समुद्रातल्या मत्स्यशेतीत चित्र निराळे आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत तेच चित्र उसने आणले जाते म्हणून त्याचा उल्लेख करायला हवा. २०१६ च्या आरंभी चिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर स्यूडोचॅटोनेला नावाच्या शेवाळाने सुमारे ४० हजार टन सॅमन मारले. २०१९ च्या मे महिन्यात उत्तर नॉर्वेत क्रायसोक्रोम्युलिनाच्या बहरात सुमारे ८० लाख सॅमन गेले. तिथे शेवाळ सरळ कल्ल्यांवर घाव घालते, प्राणवायू संपण्याची वाट पाहत नाही. या दोन घटनांतून आपल्यासाठी घेण्यासारखी गोष्ट रसायनशास्त्राची नाही. मोकळ्या समुद्रातले मासे बहराची चाहूल लागताच दूर निघून गेले असते. पिंजऱ्यातल्यांना ती मुभा नव्हती. महाराष्ट्राच्या धरणांत आता पिंजरा पद्धतीने मासे वाढवले जातात, आणि २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत त्यासाठी अनुदानही आहे. पूर्वी जलाशयाच्या एका अंगाला पाणी बिघडले तर मासे दुसऱ्या अंगाला जात आणि कोळ्यांची जाळी त्यांच्यामागे जात. पिंजऱ्यात पाणी बिघडले की गुंतवणूक जागीच मरते. म्हणून पिंजरे वाढवण्याआधी पाण्याकडे बघा, एवढेच मागणे आहे. पिंजरे नकोत असे नाही.

मग हे शेवाळ माजते कशाने? याचे सर्वांत स्वच्छ उत्तर कॅनडातून मिळाले. ओंटारियोतल्या प्रायोगिक सरोवरांपैकी २२६ क्रमांकाच्या सरोवरात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ साली मध्यभागी जाड पडदा लावून दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र घातले. एकाच भागात स्फुरदही घातले. त्या भागाचे पाणी हिरवे झाले, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेल्या त्या छायाचित्राने साबण आणि डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवरचा वाद जितका मिटवला तितका शेकडो अहवालांनी मिटला नसता. पुढे नत्राचाही वाटा मोठा असतो हे अनेक ठिकाणी दिसले आणि आज दोन्ही कमी करा असेच सांगितले जाते. पण निळे-हिरवे शेवाळ ज्या गोड्या पाण्यात माजते तिथे स्फुरद ही किल्ली आहे, कारण त्याच्या काही जाती हवेतले नत्र स्वतः बांधून घेतात. स्फुरद मात्र हवेतून मिळत नाही. डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत मूलद्रव्याच्या रूपात सुमारे दहा किलो स्फुरद असते. एक किलो स्फुरदातून पाचशे किलोपर्यंत ओले शेवाळ उभे राहू शकते. एका गोणीतले सगळे स्फुरद पाण्यात उतरले तर पाच टन. माशांच्या खाद्याचेही तसेच. खाद्यातल्या नत्र-स्फुरदाचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो; बाकीचा तळ्यातच राहतो. प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या शेततळ्यात तर मातीचा तळही नसतो, जो थोडेफार स्फुरद धरून ठेवील. मत्स्यशेती शेवाळाने मारली जाते हे खरे, आणि ती शेवाळ पोसते हेही तितकेच खरे.

इथे अनुभवी मत्स्यपालक हरकत घेईल, आणि ती हरकत सर्वांत वजनदार आहे. तो म्हणेल, हिरवे पाणी तर आम्ही मुद्दाम करतो. तळ्यात शेण टाकतो, सुपर फॉस्फेट टाकतो, कारण शेवाळ नाही तर त्यावर जगणारे सूक्ष्म प्राणी नाहीत, आणि ते नाहीत तर कटल्याला खायला नाही. हे पूर्ण बरोबर आहे. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरांची पाणथळ जमीन आहे. तिथल्या भेरींमध्ये, म्हणजे मासे पाळायच्या तळ्यांमध्ये, शहराचे सांडपाणी सोडून पिढ्यान्‌पिढ्या मासे काढले जातात, आणि ती व्यवस्था २००२ मध्ये रामसर यादीत गेली. पण तिथे सांडपाणी किती, कोणत्या दिवशी, किती उथळ पाण्यात सोडायचे हे भेरीवाला ठरवतो, आणि ऊन पडले नाही तर फाटक बंद ठेवतो. आपल्या जलाशयांत सांडपाणी कोणीही सोडत नाही, ते येते. फरक एवढाच आणि तो निर्णायक आहे. तळ्याच्या मालकाला फाटक नसले तरी मोजपट्टी आहे. पांढरी-काळी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची. ती तीस-चाळीस सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी माशांना पोषक आहे, वीसच्या आत दिसेनाशी झाली तर खत आणि खाद्य त्याच दिवशी थांबवायचे. तबकडी घरी पत्र्याची करता येते. सूर्योदयापूर्वी प्राणवायू मोजायचा संच मात्र विकत घ्यावा लागतो, आणि तळ्यावर खर्च केलेल्या कोणत्याही रकमेपेक्षा तो लवकर वसूल होतो असे मला वाटते.

दुसरी हरकत असते की मोरचूद टाकून शेवाळ मारून टाकावे. मोरचुदाने शेवाळ मरते यात शंका नाही, आणि तीच अडचण आहे. एकदम मेलेले शेवाळ प्राणवायू खाते आणि पेशी फुटून आत बांधलेले विष पाण्यात मोकळे करते. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर पिण्याच्या पाण्याच्या धरणात बहर आला म्हणून मोरचूद टाकला गेला; काही दिवसांत १४८ जण यकृताच्या विकाराने आजारी पडले आणि त्यांतली १३८ मुले होती. त्या धरणातून पुढे विषारी निळे-हिरवे शेवाळ वेगळे करण्यात आले. तिसरी सूचना पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरची. शेततळ्यात तो प्राण वाचवतो, हे निःसंशय. पण शेतीच्या फीडरला वीज ठरावीक तास मिळते, आणि गरज पहाटेची असते; ज्याने एरेटर घेतला त्याने त्या चार तासांच्या विजेची सोय आधी पाहिली पाहिजे. शेकडो चौरस किलोमीटरांच्या धरणात तर एरेटरची गोष्टच नको. काही जण कमी प्राणवायूत तगणारे मासे पाळा म्हणतात. चिलापी तशी आहे, आणि पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या उजनीच्या मासळीत तिचा वाटा मोठा आहे. एकट्या पाण्यामुळे तसे झाले असे म्हणता येणार नाही, कारण चिलापीची पैदासही झपाट्याने होते. पण बिघडलेल्या पाण्याशी जुळवून घेणारा मासा निवडणे म्हणजे भावाच्या माशाचा धंदा सोडून देणे होय.

म्हणून विषय शेततळ्यावरून धरणाकडे जातो. दौलताबादच्या डोंगरांच्या दक्षिण उताराचे पाणी शेवटी गोदावरीला मिळते, आणि गोदावरी पैठणला नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, थांबते. लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये पायाभरणी केलेले आणि इंदिरा गांधी यांनी १९७६ मध्ये लोकार्पण केलेले जायकवाडी धरण भरले की २९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळपास १०३ टीएमसी पाणी धरते. त्यात ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा. पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटर. साठ्याला पसाऱ्याने भागले की सरासरी खोली आठ-साडेआठ मीटर निघते, आणि अर्धे भरलेले असताना याहून बरीच कमी. एवढे मोठे, एवढे उथळ आणि एवढे उन्हात असलेले पाणी हे बहराला आमंत्रणच. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत धरण मृतसाठ्यापर्यंत उतरले, तेव्हा विरघळलेले अन्न तेवढेच आणि पाणी चौथा हिस्सा अशी स्थिती होते. वरून नाशिकची गोदावरी, अहिल्यानगरच्या उसाच्या पट्ट्यातून येणारी प्रवरा, आणि खालच्या अंगाने छत्रपती संभाजीनगरचे सांडपाणी घेऊन येणारी खाम, अशा तिन्ही वाटांनी नाथसागरात अन्न येते. मराठवाडा आणि नाशिक-नगर यांच्यातला पाण्याचा वाद सर्वांना ठाऊक आहे. त्यासाठी २००५ चा जलसंपत्ती नियमनाचा कायदा आहे, मेंढेगिरी समितीचे सूत्र आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून किती सोडायचे याचा हिशेब मांडला जातो. टीएमसीच्या दशांशावरून न्यायालयात जाणारे आपण त्या पाण्यातल्या स्फुरदाबद्दल एक अक्षर बोलत नाही. वरून आलेल्या प्रत्येक टीएमसीबरोबर त्यात विरघळलेले आणि गाळाला चिकटलेले काय आले हा हक्काचा प्रश्न आहे, उपकाराचा नाही. भोई समाजाचे जाळे, शहराची तहान आणि पैठणचे घाट या सगळ्यांना तो सारखाच लागू आहे.

ऊसवाला शेतकरी इथे विचारील की खत टाकायचेच नाही का. टाकायचे, पण पिकाला पोचेल असे. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद मातीला घट्ट धरून राहते, पाण्याबरोबर सहज विरघळून जात नाही. ते जाते मातीबरोबर. म्हणजे शेताचा बांध फुटला, उतारावरची माती धुऊन गेली की खताचे पैसेही गेले आणि खालच्या धरणात शेवाळाचे अन्नही पोचले. बांधबंदिस्ती आणि ठिबक यांची कामे पाण्यासाठी केली जातात. ती माशांसाठीही आहेत. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेकडे या नजरेने पाहिले तर तिची किंमत आणखी वाढते. तळ्याच्या कोरड्या पोटातला गाळ शेतात गेला की साठवण वाढते, जमीन सुधारते, आणि पाण्याच्या तळाशी साचलेले स्फुरद परत पिकाकडे जाते. तळाशी प्राणवायू नसताना हेच स्फुरद गाळातल्या लोहापासून सुटून वर येते आणि बाहेरून काहीच न येताही पाणी वर्षानुवर्षे हिरवे ठेवते. म्हणून गाळ काढणे ही अर्धी लढाई आहे. उरलेली अर्धी सांडपाण्याची. सिएटल शहराने १९६३ ते १९६८ या काळात लेक वॉशिंग्टनमध्ये जाणारे सांडपाणी वळवले आणि सत्तरच्या दशकात ते सरोवर पुन्हा नितळ झाले. तिथे सरोवर खोल होते, पैसा होता, हवा थंड होती. नाथसागरात तेवढ्या वेगाने होणार नाही हे उघड आहे. दिशा मात्र तीच.

‘शेवाळ तर निसर्गातच असते, लोणारला पाहा,’ असेही कोणी म्हणेल. लोणारचे खारे, अल्कधर्मी पाणी स्पिरुलिनाने हिरवे असते, आणि २०२० च्या जूनमध्ये ते खारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले तेव्हा त्याची जगभर चर्चा झाली. लोणारच्या त्या पाण्यात कोणी कटला सोडत नाही आणि कोणी ते पीत नाही. नाथसागर आपण माणसांसाठी बांधला, त्यामुळे त्याची प्रकृती आपणच तपासायची. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. १५ ऑक्टोबरला साठा मोजला जातोच. त्याच दिवशी गोदावरी, प्रवरा आणि खाम यांच्या मुखाशी स्फुरद आणि हरितद्रव्य मोजावे, आणि आकडे मच्छिमार सहकारी संस्थांच्या फलकावर लावावेत. हीच मोजणी फेब्रुवारीत पुन्हा व्हावी, कारण उन्हाळ्याचा धोका तेव्हाच दिसू लागतो, आणि तो आकडा वाईट आला तर पिंजऱ्यातले आणि शेततळ्यातले मासे मे महिन्याची वाट न पाहता मार्चमध्येच काढून विकता येतात.